वैमानिकाची साठी आणि साहेबांची खुर्ची

पारावरचा:

‘साठी बुद्धी नाठी’ हे आपण घरातल्या म्हाताऱ्यांना चिडवायला म्हणतो आणि विसरून जातो. अमेरिकेने त्याचा चक्क नियम केला. डिसेंबर १९५९ मध्ये तो निघाला आणि १५ मार्च १९६० पासून लागू झाला. प्रवासी विमान कंपनीच्या वैमानिकाने साठ पूर्ण झाल्यावर कॉकपिटमध्ये बसायचं नाही. आदल्या दिवशी मेडिकल पास झालेला असो, तीस वर्षांत विमानाला ओरखडाही न आणलेला असो, वाढदिवस आला की खाली उतर.

हा साठचा आकडा आला कुठून? मला वाटलं होतं डॉक्टरांकडून आला असेल. त्याचा माग काढत गेलं की एक पत्र लागतं.

अमेरिकन एअरलाइन्स ही त्या काळची बडी कंपनी आणि सी. आर. स्मिथ तिचा सर्वेसर्वा. कंपनीने आपल्या वैमानिकांना साठीला घरी बसवायचं ठरवलं. वैमानिकांची संघटना लवादाकडे गेली आणि निकाल वैमानिकांच्या बाजूने लागला. त्यातच डिसेंबर १९५८ मध्ये कंपनीत वैमानिकांचा संप झाला. संप मिटला त्याच जानेवारीत कंपनीची बोइंग ७०७ जेट विमानं उडायला लागली होती. पगाराने सगळ्यात जड असलेल्या म्हाताऱ्या कॅप्टनांना जेट शिकवायचा खर्च करायचा आणि दोन-चार वर्षांत त्यांना निरोप द्यायचा, हे कुठल्या मालकाला रुचेल? फेब्रुवारी १९५९ मध्ये स्मिथने जनरल एलवूड ‘पीट’ क्वेसाडा यांना पत्र लिहिलं. मथितार्थ असा, की निवृत्तीचं वय आम्हाला ठरवता येत नाहीये, तर तुमच्या खात्यानेच ते ठरवून टाकावं.

क्वेसाडा म्हणजे नव्याने स्थापन झालेल्या फेडरल एव्हिएशन एजन्सीचे, म्हणजे आजच्या एफएएचे, पहिले प्रमुख. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या लढाईत जमिनीवरच्या सैन्याला विमानांची साथ कशी द्यायची याचा धडा घालून देणारा माणूस. स्मिथही युद्धात लष्करी वाहतूक विमानांच्या विभागात जनरल होता. दोघे एकाच पिढीचे, एकाच वर्दीतले. वर्षाच्या आत नियम आला, जाहीर सुनावणी न घेता. संघटना कोर्टात गेली. १९६० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, हा तज्ज्ञ खात्याचा विषय आहे, आम्ही त्यात पडणार नाही.

आणि आता शेवटचा अंक. जानेवारी १९६१ मध्ये क्वेसाडा पायउतार झाले आणि लगेच अमेरिकन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. पत्र आणि खुर्ची यांच्यात पुरती दोन वर्षंही नाहीत.

तळे राखी तो पाणी चाखी, इतपत आपण समजून घेतो. इथे पाटाचं पाणी ज्याच्या शेतात वळवलं त्याच्याच ओसरीवर राखणदार पुढे पान मांडून बसला. पुढे १९८१ मध्ये राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेच्या तज्ज्ञ समितीनेही सांगितलं, की साठ या वयाला वैद्यकदृष्ट्या खास असा काही अर्थ नाही. तरी नियम ४७ वर्षं टिकला. माझं म्हणणं, असा नियम पहिल्याच दिवशी रद्द व्हायला हवा होता. बोला.

रनवे सत्तावीस:

पारावरचे, गोष्ट झकास रंगवलीत. आता गोष्टीतून गाळलेलं मी सांगतो. सांताक्रूझला माझी उभी हयात डिस्पॅचमध्ये गेली. फ्लाइट प्लॅनवर कॅप्टनच्या सहीशेजारी माझी सही असायची, तेव्हा या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

एक. जून १९५९ मध्ये क्वेसाडांनी जो मसुदा काढला त्यात साठचा नियम होताच, शिवाय पंचावन्न ओलांडलेल्याला नव्याने जेटवर चढवायचं नाही असंही कलम होतं. जेटच्या प्रशिक्षणाचा खर्च हीच मालकाची डोकेदुखी होती ना? मग मालकाला सगळ्यात गोड लागणारं कलम हेच. ते अंतिम नियमात गाळलं गेलं. मित्राच्या खिशात बसलेला माणूस मित्राचा लाडका घास ताटातून काढून ठेवतो का?

दोन. १९८१ च्या समितीचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. साठला खास अर्थ नाही हे ती म्हणाली, खरं आहे. पण त्याच समितीने नियम तूर्त ठेवा असंही सांगितलं. कारण कोणता साठीचा वैमानिक धोक्याचा आणि कोणता नाही, हे एकेकाला तपासून ओळखायची खात्रीची रीत तेव्हा कुणाजवळ नव्हती.

नियमाचा बाप कोण हे पाहून नियम वाईट ठरत नाही. प्रोपेलरवर हाडं मुरलेल्या माणसाला अचानक दुपटीच्या आसपास वेगाचं यंत्र हातात मिळालं, तो काळ होता. कुठेतरी रेघ ओढायलाच हवी होती.

पारावरचा:

दुसऱ्या मुद्द्यावर कान पकडतो. समितीचं पुढचं वाक्य मी दिलं नाही ही चूकच. पहिल्या मुद्द्यावर नाही. दोन मागितले की एक पदरात पडतं, हे बाजारात भेंडी घेणाऱ्यालाही कळतं.

आडमुठा:

भेंडीवाल्याने त्यानंतर तुमच्या संचालक मंडळावर जागा मागितली का?

निवृत्त कारकून:

मी ३३ वर्षं सरकारी टेबलामागे काढली. ‘साहेबाने खाल्लं’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की आता पुरावा मागायची सवय लागली आहे.

अधिकाऱ्याने पदाचा फायदा उपटणं म्हणजे काय ते पाहायचं असेल, तर डार्लीन ड्रुयन हे प्रकरण पाहा. अमेरिकन हवाई दलाची खरेदी सांभाळणारी वरिष्ठ अधिकारी. हवेत इंधन भरणारी १०० टँकर विमानं बोइंगकडून भाड्याने घ्यायची बोलणी हिच्याकडे. त्याच काळात बाईंची बोइंगमध्येच नोकरीची बोलणी चालू. त्याआधी मुलगी आणि होणारा जावई यांनाही तिथेच चिकटवलेलं. जानेवारी २००३ मध्ये बाई बोइंगमध्ये रुजू. पुढे भांडं फुटलं. २००४ मध्ये गुन्हा कबूल, नऊ महिने कैद. ज्याने नोकरी देऊ केली त्या मायकेल सीअर्स या बड्या अधिकाऱ्याला चार महिने. कंपनीचा प्रमुख फिल कॉन्डिट राजीनामा देऊन घरी गेला आणि २००६ मध्ये कंपनीने ६१.५ कोटी डॉलर भरून मिटवामिटवी केली.

तिथे कबुली आहे, तारखेनिशी कागद आहे, तुरुंग आहे. क्वेसाडांच्या बाबतीत तुमच्याकडे काय आहे? एक पत्र आणि दोन तारखा. पत्र तर कुणीही पाठवतं. मंत्रालयात रोज पोत्याने यायची.

विमानाची अक्कल असलेला माणूस सरकारातून सुटल्यावर जाणार कुठे, पिठाच्या गिरणीत? आपल्याकडे आयएएस अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर खासगी नोकरी धरायची तर एक वर्ष थांबावं लागतं, नाहीतर परवानगी काढावी लागते. ते योग्यच आहे. पण पाच-दहा वर्षं घरी बसा म्हणालात, तर हुशार माणूस सरकारच्या दारात पाऊल ठेवणार नाही. मग येतील ते फक्त ज्यांना बाहेर कुणी विचारत नाही असे. आमच्यासारखे.

पारावरचा:

कारकूनसाहेब, क्वेसाडांनी लाच घेतली असं मी म्हटलेलंच नाही, आणि म्हणणारही नाही. तसा पुरावा नाही. कदाचित त्यांना मनापासून वाटलं असेल की साठी ओलांडलेल्याच्या हातात ७०७ नको. माझी तक्रार त्याहून साधी आहे. त्यांचा निर्णय शंभर टक्के प्रामाणिक असता, तरी त्या खुर्चीवर बसल्यामुळे पुढे कुणालाही तो प्रामाणिक वाटणं शक्य राहिलं नाही. वैमानिकांच्या पिढ्यांनी साठीला टोपी उतरवली ती ‘स्मिथच्या पत्राने आमचा घास घेतला’ असं म्हणतच. रनवे साहेब म्हणतात तशी रेघ कुठेतरी हवी होती, कबूल. पण रेघ ओढणाऱ्याने त्या रेघेवरून चालत जाऊन पलीकडच्या घरात मुक्काम केला, की रेघ सरळ आहे का वाकडी हे बघायलाही कुणी थांबत नाही.

आणि हे एकदाच झालं नाही. मॅरियन ब्लेकी २००२ ते २००७ एफएएच्या प्रमुख. जानेवारी २००७ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की वय साठवरून पासष्ट करणार. सप्टेंबरात पद सोडलं आणि नोव्हेंबरात विमान-उद्योगाच्या संघटनेच्या प्रमुख झाल्या. त्यानंतर रँडी बॅबिट. हे आधी वैमानिकांच्या संघटनेचे अध्यक्ष, मग २००९ पासून एफएएचे प्रमुख, डिसेंबर २०११ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपावरून राजीनामा (तो आरोप कोर्टात टिकला नाही, हेही सांगायला हवं), आणि पुढच्याच वर्षी साउथवेस्ट एअरलाइन्समध्ये, कामगार संघटनांशी वाटाघाटी करायला. आधी वैमानिकांकडून, मग सरकारकडून, मग मालकाकडून. बारा गावचं नाही, पण तीन गावचं पाणी झालंच.

रनवे सत्तावीस:

ब्लेकीबाई गेल्या त्या संघटनेत विमान बनवणारे असतात, उडवणारे नाहीत. वैमानिक साठीला उतरला काय नि पासष्टीला, बनवणाऱ्याच्या खिशात एक छदाम जास्त पडत नाही. उगाच साप म्हणून भुई धोपटू नका.

पारावरचा:

दुकान वेगळं, बाजारपेठ तीच. पण ठीक, त्यांचं नाव खोडतो. बॅबिट राहू द्या.

जर्सीची सून:

माझे मिस्टर इथे अमेरिकेत पायलट आहेत, म्हणून या सगळ्याची घरातली बाजू मला माहीत आहे. तुम्ही मंडळी अधिकाऱ्यांच्या फायद्यावर भांडताय. इथे प्रत्येक आकड्याच्या मागे कुणाचा तरी फायदा बसलेला असतो आणि तो नेहमी अधिकाऱ्याचाच असतो असं नाही.

विमान कंपनीत सगळं सिनिऑरिटी नंबरवर चालतं. कुठलं विमान, कुठला रूट, दिवाळीला सुट्टी मिळणार का नाही, सगळं. वरचा एक उतरला की खालचे सगळे एक पायरी चढतात. म्हणून वैमानिकांच्या संघटनेची मतं बघा कशी फिरली. १९६० मध्ये साठच्या नियमाविरुद्ध कोर्टात. १९८० मध्ये नियमाच्या बाजूने ठराव. मग २७ वर्षं ‘सुरक्षेसाठी साठच हवं’. आणि २००७ मध्ये वय वाढवायला असलेला विरोध सोडला. दोनदा कूस बदलली आणि तिन्ही वेळा तोंडी शब्द एकच, सुरक्षा.

२००७ मध्ये विरोध का सोडला? एक तर नोव्हेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मर्यादा पासष्ट केली, दोनातला एक वैमानिक साठीच्या आतला हवा या अटीवर. झालं असं, की ६३ वर्षांचा परदेशी कॅप्टन जम्बो घेऊन केनेडी विमानतळावर ऐटीत उतरणार आणि ६० वर्षं एक दिवसाचा अमेरिकन कॅप्टन तिथेच काचेपलीकडून बघणार. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच.

दुसरं म्हणजे पेन्शन. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. २००५ मध्ये युनायटेडने पेन्शन योजनाच सोडून दिली आणि ती सरकारच्या पेन्शन हमी महामंडळाच्या गळ्यात पडली. महामंडळाची पूर्ण रक्कम पासष्टीला निवृत्त होणाऱ्याला. त्याआधी निवृत्त झालात तर कमी. म्हणजे सरकारचं एक खातं म्हणतं साठीला उतर, नाहीतर लायसन्स काढून घेऊ. आणि सरकारचंच दुसरं खातं म्हणतं, लवकर उतरलास ना, मग घे कमी. जावं कुठे माणसाने?

१३ डिसेंबर २००७ ला कायद्यावर सही झाली, पासष्ट. त्याआधी साठ झालेल्यांना जुना नंबर परत मिळाला नाही. आदल्या दिवशी साठ झालेला बाहेर, दुसऱ्या दिवशी होणारा आणखी पाच वर्षं आत. आणि खालचे? जागच्या जागी पाच वर्षं. माझे मिस्टर तेव्हा अडतीसचे, उजव्या खुर्चीतले, म्हणजे को-पायलट. २००८ मध्ये त्यांच्या कंपनीने त्यांना फर्लोवर, म्हणजे बिनपगारी रजेवर, घरी पाठवलं. दोन वर्षं मी एकटीच्या पगारावर घर चालवलं. त्या काळात ‘पासष्ट’ हा आकडा आमच्याकडे शिवीसारखा उच्चारला जायचा.

आडमुठा:

वहिनी, सलाम. आता माझं एक रत्न ऐका. अधिकारी, फायदा, वैमानिक आणि वय, सगळं एकाच माणसात.

ओक्लाहोमाचा सिनेटर जिम इनहॉफ. स्वतः हाडाचा वैमानिक, वैमानिकांचं वय वाढवायची विधेयकं मांडणारा. ऑक्टोबर २०१०. साहेब ७५ वर्षांचे. टेक्सासमधल्या एका छोट्या विमानतळावर आपलं सेस्ना घेऊन उतरले. धावपट्टी बंद होती, तिच्यावर भली मोठी फुली होती, आणि तिथे माणसं काम करत होती. माणसं जीव घेऊन पळाली, नशीब. एफएएने काय केलं? लायसन्स राहिलं, उजळणीचं प्रशिक्षण घ्या म्हणून सोडून दिलं.

तुम्हीआम्ही असतो तर गपगुमान पेढे वाटले असते. साहेबांना राग आला. एफएएने आपल्याला नीट वागवलं नाही म्हणाले आणि ‘वैमानिकांची सनद’ नावाचा कायदाच मंजूर करून घेतला. ऑगस्ट २०१२ मध्ये ओबामांची सही. स्वतःवर कारवाई करणाऱ्या खात्याचेच हात बांधणारा कायदा स्वतःच लिहायचा! कुंपणाने शेत खाल्लेलं ऐकलं होतं, इथे बैलाने कोंडवाड्याचे नियम लिहिले.

पुढे हेच साहेब सिनेटच्या संरक्षण समितीचे अध्यक्ष. डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षणाचा खर्च वाढवा म्हणून जोर लावला आणि त्याच सुमारास त्यांच्या खात्यावर रेथिऑन या शस्त्रास्त्र कंपनीचे ५० हजार ते एक लाख डॉलरचे शेअर. पत्रकाराने विचारल्यावर व्यवहार मागे घेतला. सल्लागाराने परस्पर घेतले, मला पत्ताच नव्हता, हे त्यांचं म्हणणं.

रनवे सत्तावीस:

इनहॉफने केलं ते उतरणं अक्षम्य. पण त्या कायद्यात काय आहे तेही सांगा. एफएएने वैमानिकावर कारवाई काढली तर त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याला दाखवायचा, आणि अपिलासाठी त्याला कोर्टाची वाट खुली ठेवायची. यात वाईट काय? मी डिस्पॅचला असताना एका बिचाऱ्या को-पायलटवर चौकशी लागली होती. टेप त्याला शेवटपर्यंत ऐकवली नाही. तुमच्या बैलाने लिहिलेला नियम इथे असता तर त्या पोराचे आठ महिने वाचले असते.

आडमुठा:

हे मात्र पटलं. च्यायला.

आणखी एक. सिनेटरांना वयाची अट का नाही? स्ट्रॉम थर्मंड डिसेंबर २००२ मध्ये शंभर वर्षांचे झाले तेव्हा सिनेटमध्येच होते. ६० च्या कॅप्टनला उतरवणारे लोक १०० च्या सिनेटरला हात धरून आत नेतात.

निवृत्त कारकून:

सिनेटरला मतदार घरी बसवू शकतो. प्रवाशाला कॅप्टन बदलून मागता येत नाही. शिवाय सिनेटर झोपला तरी देश लगेच कोसळत नाही.

आडमुठा:

आणि कतारने दिलेलं ते ७४७? मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने राष्ट्राध्यक्षांसाठी घेतलेलं? परदेशी राजाकडून भेट घ्यायची तर काँग्रेसची संमती हवी, असं त्यांच्या राज्यघटनेतच आहे ना?

पारावरचा:

आहे. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा. इथे तो विषय आला की वैमानिक बाजूला राहतील आणि आपण दिवाळीपर्यंत भांडू.

कडुलिंब:

नाशिकला माझा दवाखाना आहे, विमानवैद्यकातला मी तज्ज्ञ नाही. पण तुम्ही सगळे दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ करताय.

एक, अचानक कोसळणं. जून २००९ मध्ये ब्रसेल्सहून नेवार्कला जाणाऱ्या कॉन्टिनेंटलच्या विमानात ६० वर्षांचा कॅप्टन हवेतच गेला. बाकीच्या वैमानिकांनी विमान नीट उतरवलं, प्रवाशांना उतरल्यावर कळलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिएटलहून इस्तंबूलला निघालेल्या तुर्की विमानाचा कॅप्टन गेला, वय ५९. विमान न्यूयॉर्कला उतरवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या नागपूर विमानतळावर पुण्याचं विमान घेऊन निघायचा कॅप्टन बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि वाचला नाही. त्याचं वय ४०. तेव्हा हृदयाच्या बाबतीत आकड्याला फार पूजू नका. त्यावरचा खरा इलाज शेजारची दुसरी खुर्ची आहे.

दुसरी गोष्ट मात्र कठीण. प्रतिक्रियेचा वेग, एकाच वेळी पाच गोष्टी डोक्यात धरणं, रात्रीच्या जागरणानंतर भानावर असणं. हे वयाने हळूहळू घसरतं आणि घसरणाऱ्याला स्वतःला ते सगळ्यात शेवटी कळतं. त्यातही माणसामाणसात फरक. माझ्याकडे ७० वर्षांचे शेतकरी येतात ज्यांची नजर माझ्यापेक्षा तेज आहे, आणि पंचावन्नचे येतात जे औषधाची चिठ्ठी काउंटरवर विसरून जातात. अनुभवाने यातलं बरंच भरून निघतं. हडसन नदीत विमान उतरवलं तेव्हा सलेनबर्गर अठ्ठावन्नच्या उंबरठ्यावर होते. १९८९ मध्ये सगळं हायड्रॉलिक्स, म्हणजे विमान वळवायची यंत्रणाच, गेलेलं डीसी-१० विमान सू सिटीला आणणारे अल हेन्स ५७ चे. साठचा नियम होता, दोन वर्षांनी हेच हेन्स ‘धोकादायक’ ठरणार होते.

म्हणून माझं मत, आकडा काढा. दर सहा महिन्यांनी कसून तपासणी आणि सिम्युलेटर.

रनवे सत्तावीस:

डॉक्टर, आणि तपासणार कोण?

हा प्रश्न टाळूनच सगळे पुढे जातात. आकडा काढलात की प्रत्येक म्हाताऱ्या कॅप्टनचं भवितव्य एका डॉक्टरच्या आणि परीक्षा घेणाऱ्या एका चेक पायलटच्या सहीवर आलं. कंपनीला माणसं कमी पडत असतील तेव्हा वरून फोन जाईल, ‘करा हो पास’. जास्त झाली की दुसरा फोन. पारावरचे, तुम्हाला साहेबांनी पदाचा फायदा उपटणं नको ना? मग हा सगळा खुला बाजार मांडताय कशाला? पासष्ट हा आकडा आंधळा आहे, मूर्ख आहे, पण त्याला जावई नाही आणि त्याला कुठे संचालक व्हायचं नाही.

पारावरचा:

यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही. खरंच विचार करायला लावलंत.

मोगरा:

मी देते अर्धं उत्तर. १९८१ चा सुप्रीम कोर्टातला एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा खटला. हवाई सुंदरींचा नियम काय होता? वयाच्या पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की तेव्हा. यातलं जे आधी येईल ते. विमानात तशीच सेवा करणाऱ्या पुरुष पर्सरना मात्र अठ्ठावन्न. पस्तीसनंतर मुदतवाढ मिळणार का, हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर.

कोर्टाने गर्भारपणाचं कलम रद्द केलं, आणि संचालकाची ती बेलगाम मर्जीही रद्द केली. रनवे काका, इथपर्यंत तुमचाच मुद्दा जिंकला. पण पुरुषांचा अठ्ठावन्नचा आकडा कोर्टाने त्यांना दिला नाही, प्रकृती ठणठणीत असेल तर पंचेचाळीसपर्यंत, एवढंच! म्हणजे आकडा आंधळा असतो हे विसरा. पस्तीस हा आकडा कुणाच्या तरी डोळ्यांनीच ठरवला होता, आणि ते डोळे बाईच्या कंबरेकडे होते. ‘सुरक्षा’ शब्द तिथेही वापरता आला असता.

रनवे सत्तावीस:

मोगराताई, ही थप्पड मान्य. आमच्या वेळच्या त्या मुली, केवढ्या हुशार होत्या. आकडा कोण ठरवतो हे उघड्यावर व्हायला हवं, एवढं मी सोडून देतो. जाहीर सुनावणी घेतली असती तर क्वेसाडांच्या नियमावर आज इतक्या वर्षांनी आपण बसलो नसतो.

निवृत्त कारकून:

सुनावणीत काय होतं ते मी बघितलंय. ज्यांना सुट्टी मिळते ते येतात, ज्यांचं नुकसान होणार ते कामावर असतात. तरी असो, नसण्यापेक्षा बरी.

आडमुठा:

मग आता सदुसष्टचं काय?

जर्सीची सून:

जुलै २०२३ मध्ये इथल्या प्रतिनिधीगृहाने सदुसष्टचं कलम घालून विधेयक मंजूर केलं होतं. सिनेटमध्ये अडलं. मे २०२४ ला कायदा झाला तो त्या कलमाशिवाय. २०२५ मध्ये मॉन्ट्रियलला जगातल्या विमान कंपन्यांच्या संघटनेने पुन्हा तोच प्रस्ताव आंतरराष्ट्रीय पातळीवर नेला, तोही मान्य झाला नाही. आंतरराष्ट्रीय मर्यादा पासष्ट असेपर्यंत इथे सदुसष्ट केलं, तरी त्या दोन वर्षांत कॅप्टनने परदेशी उडायचं नाही. म्हणजे मोठ्या विमानावरून उतरून छोट्यावर यायचं आणि तिथल्या पोराला आणखी खाली ढकलायचं. जपानने मात्र २०१५ पासूनच आपल्याकडे सदुसष्टपर्यंत परवानगी दिली आहे.

वैमानिकांची संघटना म्हणते सुरक्षेसाठी पासष्टच हवं. कंपन्या म्हणतात अनुभव वाया जातोय.

रनवे सत्तावीस:

आणि तुमचे मिस्टर काय म्हणतात?

जर्सीची सून:

ते आता छप्पन्नचे आहेत, डाव्या खुर्चीत, म्हणजे कॅप्टन, मोठ्या विमानावर. मुलगी कॉलेजात. परवा वरण-भात कालवता कालवता म्हणाले, सदुसष्ट झालं तर वाईट नाही गं.

आडमुठा:

अरे देवा. आणि शेजारी उजव्या खुर्चीत जे पोरगं बसतं, त्याचं काय, विचारा की.

जर्सीची सून:

विचारलं. म्हणाले, त्याला अजून वय आहे.